सर्पगंधेची परीक्षा

वडोदऱ्याच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की आपल्या मंडळींची लेखणी सयाजीराव महाराजांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. त्यात गैर काही नाही. आमच्या घरातही महाराजांची तसबीर देवघराशेजारच्या भिंतीवर आहे. पण संस्थान विलीन झाल्यानंतर चार वर्षांनी या शहरात एक गोष्ट घडली, जिचा उल्लेख परदेशी वैद्यकीय लेखांच्या तळटिपांत सापडतो आणि आपल्या स्मरणिकेत मात्र आजवर आलेला नाही. यंदा ती सांगावी असे ठरवले. त्याला एक घरगुती कारणही आहे, ते ओघात येईलच.

१९५३ साली गुजरात व सौराष्ट्र प्रांतिक वैद्यकीय परिषदेचे सहावे अधिवेशन वडोदऱ्यात भरले होते. तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो आणि आपले मेडिकल कॉलेज अवघे चार वर्षांचे होते. या अधिवेशनात अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक रोगांवरील देशी औषधांविषयी एक निबंध सादर केला. त्यातले मुख्य औषध म्हणजे सर्पगंधेची मुळी. निबंधाला सुवर्णपदक मिळाले. एवढ्यावर ही हकिकत एखाद्या गुजराती दैनिकाच्या आतल्या पानात संपली असती, पण तिची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली आणि ती नेथन क्लाइन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाच्या नजरेस पडली. क्लाइन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑरेंजबर्ग येथील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलात संशोधन करीत. हजारो मनोरुग्ण असलेले ते अवाढव्य इस्पितळ. त्यांनी ही मुळी मागवून आपल्या रुग्णांना द्यायला सुरुवात केली, आणि १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हकीमांच्या या निबंधाचा दाखला दिला. त्या दाखल्यात ‘बडोदा’ हे नाव आहे.

आम्ही पेशाने इतिहासकार नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो. खोकी मोजणे, मुदत संपलेला माल बाजूला काढणे, इंडेंट भरणे हे आमचे रोजचे काम. तरीही ही तळटीप सापडली तेव्हा रात्री उशिरापर्यंत जागून मागचे-पुढचे सगळे वाचून काढले.

आधी मुळीविषयी. सर्पगंधा हे जंगलाच्या सावलीत वाढणारे लहानसे झुडूप. फुले पांढरट-गुलाबी, त्यांचे देठ लालभडक, फळे पिकली की काळपट जांभळी. मराठीत तिला अडकई, हरकी अशीही नावे आहेत. मूळ वाकडेतिकडे आणि जिभेला लावले तर कडूजहर. जुन्या संहितांत हे नाव प्रामुख्याने विषावरच्या औषधांत येते. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात नागाच्या विषावर चालणाऱ्या एका लाकडाचे वर्णन केले आहे आणि मुंगूस नागाशी लढून आले की ते मूळ खाते, ही आपल्याकडची समजूतही नोंदवली आहे. ते लाकूड म्हणजे हीच मुळी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वेडावरचे औषध म्हणून तिची ख्याती मात्र ग्रंथांपेक्षा लोकांत जास्त. बिहारात तिचे नावच ‘पागल की दवा’. तिकडे रडक्या मुलाला झोपवायलाही ती देत. शास्त्रीय नावात ज्या रौवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याचा मान आहे त्याचा या मुळीशी काडीचा संबंध नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आदराखातर ते नाव एका वनस्पतिकुळाला दिले आणि पुढे आपली सर्पगंधा त्यात जाऊन बसली. बिहारातल्या ज्या कोण्या वैदूने प्रथम ती खवळलेल्या माणसाला पाजली त्याचे नाव कुठेच नाही.

परीक्षेची सुरुवात १९३१ साली झाली, तीही दोन ठिकाणी एकदम. कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एक लेख लिहिला. मुळीचे चूर्ण २० ते ३० ग्रेन, म्हणजे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोनदा दिले की खवळलेला रोगी शांत होतो आणि वाढलेला रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी म्हटले. एक कविराज आणि एक डॉक्टर अशी ही जोडी. आजही अशी जोडी दुर्मिळच. त्याच साली दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून शुद्ध स्फटिकरूप द्रव्ये वेगळी केली. कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान चार वर्षांपूर्वी वारले होते. सिद्दिकींनी पहिल्या द्रव्याला त्यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ हे नाव दिले. गुरूच्या नावाने रेणू ओळखला जावा ही कल्पना आम्हाला फार आवडली.

अडचण अशी झाली की या सुंदर स्फटिकांनी कोणी शांत होईना. रोग्याला गुंगी आणणारा, मन निववणारा जो गुण होता तो स्फटिक काढून घेतल्यावर खाली उरणाऱ्या तपकिरी, चिकट राळेत राहिला होता. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केले, पण त्या राळेतले नेमके द्रव्य हाती लागायला १९५२ साल उजाडले. ते लागले स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या तिघांना. त्याचे नाव रेसरपीन. जे काम ग्रॅमभर चूर्ण करी ते याचे मिलिग्रॅम-दोन मिलिग्रॅम करू लागले.

मधल्या काळातला मुंबईचा वाटा सांगितलाच पाहिजे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी अनेक वर्षे देत होते. गोळ्या देशी कंपनीच्याच. १९४९ साली त्यांनी ५० रुग्णांवरच्या अनुभवाचा लेख लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला, आणि जे १८ वर्षे कलकत्त्याच्या मासिकात पडून होते त्याकडे पाश्चात्त्य जगाचे लक्ष गेले. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवल्या. रक्तदाब तर उतरलाच, शिवाय रुग्ण निवांत झाले, असे त्यांनी नोंदवले. डॉ. वकील यांना पुढे १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत नेथन क्लाइनही होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिले.

रॉकलंडमधली एक आठवण क्लाइन सांगत असत. औषध सुरू केल्यावर गुण येतो आहे हे ज्यांच्या लक्षात आले त्यांत इस्पितळाच्या खिडक्यांना काचा बसवणारा कारागीरही होता. त्या वॉर्डांतून काचा फुटल्याच्या तक्रारी कमी झाल्या होत्या. डॉक्टरांच्या तक्त्यांपेक्षा हा पुरावा आम्हाला जास्त पटतो. त्यात त्या माणसाचा कसला स्वार्थ नव्हता. झालेच तर काम कमी झाले.

इथपर्यंतची कथा आपल्याला आवडणारी आहे. आपली मुळी, आपले वैद्य, जगाने मानले. स्मरणिकेतला लेख इथे थांबवला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण पुढचे वर्ष १९५४.

वॉशिंग्टनचे डॉ. एडवर्ड फ्राइस रक्तदाबाचे मोठे अभ्यासक. त्यांनी अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय साप्ताहिकात पाच रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. रक्तदाबासाठी दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत रेसरपीन घेणारी ही माणसे गंभीर नैराश्यात गेली होती. पाठोपाठ इतरांचेही असे अनुभव छापून येऊ लागले. खवळलेल्या मनाला निववणारी मुळी ज्याचे मन शांत आहे त्याला पार खाली ओढते, असा समज पसरला आणि वैद्यकाच्या पुस्तकांत कायमचा बसला.

घरगुती कारण म्हटले ते हेच. आमची आजी १९८७ च्या आषाढात गेली. श्रावणात नानांना, म्हणजे आमच्या आजोबांना, चक्कर येऊ लागली. धाकटे काका त्यांना एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. रक्तदाब भलताच वाढलेला निघाला आणि त्यावर त्या काळी सर्रास दिली जाणारी एक गोळी सुरू झाली. दिवाळीपर्यंत नाना ओळखू येईनासे झाले. दांडिया बाजारच्या घरातून रोज सकाळी खंडेराव मार्केटात भाजी आणायला जाणारा माणूस अंगणातही उतरेना. पेपर घडी न मोडता तसाच पडून राही. आम्ही सात वर्षांचे. शाळेतून आल्यावर आम्ही त्यांच्या मांडीवर बसायचे, ते आमच्या डोक्यावर हात ठेवायचे, पण तो हात नुसता ठेवलेला असायचा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि वर्षभरात नाना बरेचसे माणसांत आले. पूर्वीचे मात्र झाले नाहीत.

बाबांचे म्हणणे, गोळीने घालवले. काकांचे म्हणणे, आई गेली म्हणून. बोलण्यातून भांडण आणि भांडणातून अबोला. गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे काकांनीच नेले होते, हा सल त्यात होताच.

१९९८ साली आम्ही पदविकेला होतो. औषधशास्त्राच्या पुस्तकात रेसरपीनचे पान आले. दुष्परिणामांत पहिल्याच ओळीत ‘मानसिक नैराश्य’. नानांच्या ट्रंकेतली जुनी चिठ्ठी आम्ही शोधून काढली. गोळीचे नाव जुळले. त्या गोळीत रेसरपीन होते. आम्ही पुस्तक उघडे धरून बाबांना दाखवले. त्या वयात आपण काहीतरी सिद्ध केल्याचा आनंद मोठा असतो.

आता फ्राइस यांच्या पाच रुग्णांकडे परत जाऊ. त्यांनी लिहिले ते खोटे नव्हते. त्यांनी पाहिले ते लिहिले. प्रश्न असा की, मध्यमवयीन, आजारी, घाबरलेल्या हजारो माणसांना कोणतीच गोळी दिली नसती तर त्यांतली किती जण त्याच काळात नैराश्यात गेली असती? हे कळायला दुसरा गट लागतो. तशाच माणसांचा, तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली कोरी गोळी घेणारा. कोणाला कुठली गोळी जायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडायचे, आणि ते रुग्णालाही ठाऊक नको, तपासणाऱ्यालाही नको. आज आपल्या भांडारात येणाऱ्या बहुतेक नव्या औषधांमागे अशी परीक्षा असते. १९५४ साली ती रीत नवी होती. मनोविकारांत तर अगदीच नवी.

आणि तरीही ती झाली होती. १९५५ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी अस्वस्थ आणि उदास रुग्णांवर नेमकी हीच परीक्षा घेतली: काहींना रेसरपीन, काहींना कोरी गोळी. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापला. रेसरपीन घेतलेले रुग्ण अधिक सुधारले होते. म्हणजे ज्या औषधाने नैराश्य येते असे पाच रुग्णांवरून ठरत होते, त्याच औषधाने उदास माणसांना बरे वाटते असे तुलना करून दिसत होते. एक भारतीय मुळी, तिचे सत्त्व, नैराश्यावरचा उपचार म्हणून तपासले गेले आणि पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. मनोविकारशास्त्रातल्या सुरुवातीच्या अशा चाचण्यांत ही गणली जाते. आम्हाला हे कळले तेव्हा आम्ही तो निष्कर्ष तीनदा वाचला. परीक्षा लहान होती आणि तेवढ्यावर नैराश्यावरचे औषध म्हणून कोणी रेसरपीन द्यावे असे मुळीच नाही. पण तिच्याकडे जवळजवळ कोणी पाहिलेच नाही, हे खरे.

न पाहण्याचे एक कारण प्रयोगशाळेत होते. त्याच १९५५ साली अमेरिकेत प्लेचर, शोर आणि ब्रोडी यांनी दाखवले की रेसरपीन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतला सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा साठा रिता होतो. मेंदूच्या पेशी ही द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवतात. रेसरपीन त्या पिशव्यांत माल भरण्याची वाटच बंद करते. दोन वर्षांनी स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपीन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा टोचले. कान पाडून बसलेले ससे थोड्याच वेळात उठून हिंडू लागले. त्यातून डोपामीनचे आणि पार्किन्सनच्या आजाराचे ज्ञान उलगडले, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. आपल्या मुळीने जगाला दिलेली ही सर्वात मोठी देणगी, असे आमचे मत आहे. औषध म्हणून ती मागे पडली. पण मेंदूत द्रव्ये कशी चालतात हे तिच्यामुळे दिसले.

मात्र त्यातूनच एक सोपी जुळणी झाली. रेसरपीनने द्रव्ये कमी होतात. रेसरपीनने नैराश्य येते. तेव्हा नैराश्य म्हणजे या द्रव्यांची कमतरता. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी ही कल्पना, अर्थात पुष्कळ काळजीपूर्वक, मांडली. पुढे ती इतकी पसरली की आज चौथीतला मुलगाही ‘केमिकल इम्बॅलन्स’ म्हणतो. नैराश्यावरची नवी औषधे शोधताना उंदरांना आधी रेसरपीन द्यायचे आणि नवे औषध त्यांना उठवते का ते पाहायचे, ही नेहमीची पद्धत झाली. जुळणीतली मधली कडी, ‘रेसरपीनने नैराश्य येते’, किती घट्ट आहे ते पुन्हा तपासायची घाई कोणालाच नव्हती.

१९७१ साली गुडविन आणि बनी यांनी जुन्या नोंदी तपासल्या. खऱ्या अर्थाने नैराश्यात गेलेले रुग्ण फार थोडे होते आणि त्यांतल्या पुष्कळांना पूर्वीही तो त्रास होऊन गेला होता. बाकीच्यांना सुस्ती, झोप, मंदपणा होता; त्यालाच नैराश्य म्हटले गेले होते. २०२३ साली लंडनच्या अभ्यासकांनी तोवरचे सगळे अभ्यास एकत्र पाहिले. काहींत मन खालावलेले, काहींत काहीच फरक नाही, काहींत उलट सुधारलेले. रेसरपीनने नैराश्य येते हे ठामपणे म्हणायला आधार पुरेसा नाही, असे त्यांना आढळले. औषधाच्या माहितीपत्रकात मात्र नैराश्याचा इतिहास असलेल्यांना देऊ नये हा इशारा कायम आहे, आणि तो असावा हेच बरे. औषध देताना शंकेचा फायदा रुग्णालाच मिळायला हवा.

फ्राइस यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. पाच रुग्णांची हकिकत लिहिणाऱ्या याच माणसाने पुढे अमेरिकन निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत रक्तदाबाची एक मोठी परीक्षा घडवून आणली. १९६७ साली तिचे निकाल आले. फार वाढलेला रक्तदाब असलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना तीन औषधांची जोड, त्यातले एक रेसरपीन, अगदी अल्प मात्रेत. अर्ध्यांना कोरी गोळी. कोऱ्या गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट आले, औषधाच्या गटात दोघांवर. वाढलेला रक्तदाब उतरवला तर माणसे वाचतात, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले. नानांना ती गोळी नसती तर, हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात आलाच नव्हता. नाना त्यानंतर १४ वर्षे जगले.

आपल्याकडे या काळात मुळीचे काय झाले? परदेशी मागणी इतकी वाढली की जंगले उकरली गेली, आणि पन्नाशीच्या दशकातच सरकारला कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधने घालावी लागली. १९९० पासून सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. ज्या कंपन्यांनी सत्त्व काढले त्या श्रीमंत झाल्या, ज्यांनी मुळे खणली ते होते तिथेच राहिले. यावर वेगळा लेख होईल.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो आमचे वैद्यमित्र नेहमी विचारतात. हकीमांनी इतर देशी औषधांबरोबर मुळी वापरली, बाझेलने तिच्यातले एक द्रव्य काढले; मग परीक्षा झाली ती कोणाची? प्रश्न रास्त आहे. कोरियातले लोक सध्या हाच गुंता सोडवू पाहत आहेत. त्यांच्याकडे हो जुन या राजवैद्याचा १६१३ साली छापलेला मोठा वैद्यकग्रंथ आहे, पारंपरिक वैद्यांना १९५१ च्या कायद्यापासून डॉक्टरांसारखाच परवाना आहे आणि १९९४ पासून सरकारी संशोधन संस्था आहे. मनात वर्षानुवर्षे गिळलेला राग छातीत आगीसारखा उठतो, अशा एका आजाराला ते ‘ह्वाब्युंग’ म्हणतात, म्हणजे आगीचा आजार. तो बहुतेक मध्यमवयीन बायकांत दिसतो आणि नैराश्याचा सख्खा शेजारी आहे. अशा दुखण्यांवरचे जुने काढे ते एकेक द्रव्य वेगळे न करता सबंधच तपासतात. पण मग कोरा काढा करायचा कसा? तसाच कडू, तसाच रंग, तसाच वास, आणि आत काही नाही. वासावरून रुग्णाने ओळखले तर सगळी परीक्षाच वाया. गोळी कोरी करणे सोपे, काढा कोरा करणे फार अवघड. आमच्यासारख्या औषधे हाताळणाऱ्याला यातली मेहनत कळते.

गेल्या गणपतीत आमच्या चुलतबहिणीचा, म्हणजे काकांच्याच मुलीचा, मुलगा दहा दिवस आरतीला उतरला नाही. वय २३, इंजिनिअर, नोकरी आहे. डॉक्टरांनी नैराश्याचे निदान केले, गोळ्या सुरू केल्या. सातव्या दिवशी ओळखीतल्या एका सद्गृहस्थांनी ताईच्या हातात चूर्णाची पुडी ठेवली. मनाला शांत करणारी मुळी आहे, पूर्णपणे देशी, पाच जणांना गुण आलेला मी स्वतः पाहिला आहे, असे सांगितले. ताईने पुडी आमच्याकडे आणली. वास घेतला, जिभेला लावली. कडूजहर. तीच. मुलाच्या गोळ्यांबरोबर ही मुळीच देऊ नकोस, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच, असे आम्ही सांगितले. ताई म्हणाली, “अरे, पण ते पाच जण?” आम्ही म्हटले, त्या पाच जणांबरोबर आणखी काय काय झाले ते कोणी लिहून ठेवले आहे का? ताईला ते पटले नाही, पण पुडी तिने आमच्याकडेच ठेवली. मुलगा डॉक्टरांच्या गोळ्यांवरच आहे. यंदा ढोलपथकाच्या सरावाला दोनदा गेला. गोळ्यांनी की दिवस गेले म्हणून, तेही आम्ही सांगू शकत नाही.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा बाबांना सगळे वाचून दाखवले. ते आता ७८ वर्षांचे आहेत, ऐकू थोडे कमी येते. पाच रुग्ण, कोरी गोळी, लंडन, ससे, सगळे त्यांनी शांतपणे ऐकले. मग विचारले, “म्हणजे नानांना गोळीने झालं नव्हतं?”

एका माणसावरून ते ठरवता येत नाही, आईही त्याच वर्षी गेली होती, दोन्ही शक्य आहे, असे आम्ही सांगितले.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. काका २०११ साली गेले. शेवटची १३ वर्षे दोघांचे बोलणे लग्न-मुंजीपुरते होते.

“तेव्हा तर तू पुस्तक उघडून दाखवलं होतंस,” बाबा म्हणाले.